हक्काची मांडी

चि. छकुलीस,


रजा संपत आली आणि बाळाला पाळणाघरात ठेवायचं म्हणून तू रात्ररात्र जागतेस, असं दादाकडून कळलं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची रजा मिळाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघरही सक्तीचं झालं. पण सहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन नायगावहून सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये शिरणार कोण? तेव्हा घराजवळचं पाळणाघरच बरं. तिथं बाळाला माया मिळेल ना, ही तुझी काळजी असेल, तर ऐक.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांनी उंदरांच्या पिल्लांचा अभ्यास केला. आई ज्यांना भरपूर चाटते, ती पिल्लं मोठेपणी घाबरली तरी लवकर शांत होतात. त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ताणाचं संप्रेरक ओळखणारे ग्राहक जास्त असतात. त्यामुळे ते संप्रेरक वाढलं, की थांबवण्याचा निरोप वेळेवर जातो. पुढचं तर फारच मोलाचं आहे. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं मायाळू मादीच्या कुशीत वाढवली, तेव्हा तीही तशीच शांत निघाली.

माणसाचं बाळ म्हणजे उंदीर नव्हे, हे कबूल. पण बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला, त्यातही हेच दिसलं. तिथं पोटाला होतं, पण सांभाळणाऱ्या बायका पाळीपाळीनं बदलत आणि एकीच्या वाट्याला कितीतरी मुलं येत. निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबं मिळाली. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना घर लाभलं, ती माणसाला बिलगायला बरीच शिकली. उशीर झालेल्यांना ते जड गेलं.

आपल्या पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. आदिवासी आईबाप मजुरीवर जात आणि धाकटं भावंड थोरल्या मुलीच्या कडेवर असे. म्हणून तिथल्या ‘विकासवाडी’ प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आली. कामाला जाणाऱ्या आईला त्यांनी दोष दिला नाही, तिच्या बाळाची सोय केली.

तेव्हा तू स्वतःला अपराधी मानू नकोस. पाळणाघरात तासभर नुसती बसून बघ. एका बाईकडे किती तान्ही आहेत? बायका वरचेवर बदलतात का? बाळ हुंकारलं, की ती हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघते का, दोन शब्द बोलते का? भिंतीवरची चित्रं आणि महागडी खेळणी नंतर बघ. आणि रजेचे शेवटचे आठ-दहा दिवस राखून ठेव. तू शेजारी असतानाच बाळाला त्या बाईची ओळख होऊ दे.

तुझी,
आत्या