लालपेठचा रावण

चंद्रपूर म्हटलं की आपल्या डोक्यात एकच गोष्ट, ताडोबा. जिप्सी बुक करायची, वाघ दिसला तर फोटो, नाही दिसला तर गाईडच्या नावानं बोंब. माझाही प्लॅन हाच होता. पण सफारी दुसऱ्या दिवशी पहाटेची आणि हातात अख्खी दुपार मोकळी. रिक्षावाल्याला म्हटलं, "लालपेठला त्या जुन्या मूर्ती आहेत ना, तिथं चला."

"रावणाकडं? मंग तसं सांगा ना जी!"

लालपेठ म्हणजे जुन्या गोंडकालीन परकोटाच्या बाहेरचा, कोळसा खाणींच्या शेजारचा भाग. तिथं उघड्यावर एकाच दगडातून घडवलेल्या अवाढव्य मूर्ती आहेत. नंदी, गणपती, शिवलिंग आणि या सगळ्यांना खिशात घालेल अशी ती दहा तोंडांची आकृती. लांबी २५ फुटांच्या आसपास! कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये ती मावतच नाही, मागं सरकत राहावं लागतं. गोंड राजवटीत रायप्पा नावाच्या एका श्रीमंत कोमटी व्यापाऱ्यानं शंकराचं भव्य देऊळ बांधायला घेतलं, त्यासाठी या मूर्ती घडवल्या. देऊळ उभं राहण्याआधीच तो गेला. मूर्ती तशाच राहिल्या, जिथल्या तिथं.

आता खरी गंमत. अभ्यासकांच्या मते हा रावण नाहीच, ही दशमुखी दुर्गा आहे. देवी माहात्म्याच्या परंपरेत महाकालीला दहा तोंडं आहेत, आणि चंद्रपूरची आराध्यदेवता महाकालीच. हे सगळं मी वाचून गेले होते. त्यामुळे मास्तरकी करायची खाज सुटलीच.

"दादा, ही देवी आहे बरं का. रावण नाही."

तो हसला. गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडचा, गोंड. "तुमच्या पुस्तकात देवी असन ताई. आमच्याकडं रावण राजा हाय." दसऱ्याला गावात पुतळा जाळतात तेव्हा तो घराबाहेर पडत नाही, हेही त्यानं सांगितलं. अगदी सहज, तक्रार न करता.

गडचिरोलीतल्या परसवाडीसारख्या गावात दसऱ्याला रावणाची पूजा होते, तो आपला पूर्वज, असं तिथले गोंड मानतात. रावणदहन थांबवा, अशी मागणी आदिवासी संघटना अनेक वर्षं करताहेत. पेपरात ही बातमी मी कितीदा तरी वाचली असेल आणि पान उलटलं असेल. इथं, त्या दहा चेहऱ्यांसमोर, तसं करता येईना. मूर्ती दुर्गेची आहे हे मला अजूनही पटतं. फक्त ते त्याला सांगायची एवढी घाई कशाला होती, कळत नाही.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा. मे महिन्यात इथला पारा ४५च्या पुढं जातो आणि दगड तव्यासारखा तापतो. आणि रिक्षात बसताना 'लालपेठच्या मूर्ती' वगैरे म्हणू नका. 'रावण' म्हणा, लगेच पोचाल.