हो अण्णा, जेवलो

गेल्या पावसाळ्यात मी स्वतःला गोळा करायला बसलो. फेसबुक, इन्स्टाग्राम, गिटहब, व्हॉट्सॲप, कुठं कुठं सांडलो होतो! बहुतेक साइट्स आपला डेटा झिप करून देतात; गूगलचं टेकआउट तर २०११ पासून आहे. पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहून सगळं तारखेनं एका ओळीत लावलं. ऑर्कुटचं मात्र काहीच नाही. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. पुढं दोन वर्षं स्क्रॅप उतरवून घेता येत होते, पण मी बारावी-इंजिनिअरिंगच्या घोळात. गेलं ते गेलं.

एका साइटच्या फायलीपाशी हात थांबला. तिच्यात फक्त माझं लिहिलेलं होतं. ‘हो अण्णा, जेवलो.’ ‘नाही अण्णा, गाडी मित्राची आहे.’ फोटोखाली अण्णांनी काय विचारलं होतं, ते नाही. तो डेटा त्यांचा. नियम म्हणून बरोबरच आहे. पण अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा डेटा मागणार कोण?

आमचं गाव नर्सीजवळ, नामदेवांच्या नर्सीजवळ. त्यांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथात आहेत, तिकडं पंजाबात दुसऱ्यांनी जपलेली. अण्णा हे सांगायचे तेव्हा मी मोबाइलमध्ये असायचो.

मग त्यांची एकेक कमेंट हातानं टाइप केली. कॉपी-पेस्ट जमलं असतं, केलं नाही. ‘जेवन केल का’ तसंच ठेवलं.

आईला दाखवलं. वाचून म्हणाली, “ह्यात सोयाबीनच्या भावाचं कुठंय?”

ते फोनवर असायचं.