तू कोणाच्या बाजूची?

वाचकहो, घरात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर एक प्रश्न आपल्याही वाट्याला आला असेल : ‘आई, तू कोणाच्या बाजूची?’ मला तो गेल्या वर्षी माझ्या दोन्ही मुलांनी विचारला. त्याला कसे सामोरे जावे हे मला नातवाच्या संगणकावरील एका खेळाने सुचवले, असे सांगितले तर आपण हसाल. पण थोडे ऐकून घ्या.

ह्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. थोरल्याचे म्हणणे, शुश्रूषा केंद्रात ठेवावे. धाकट्याचे म्हणणे, घरीच सांभाळावे. दोघांचीही वडिलांवर माया. तरीही दोघांतील बोलणे बंद झाले. थोरला रविवारी आला की धाकटा बाहेर निघून जाई. एखादे औषध दोनदा आणले जाई, एखादे कोणीच आणत नसे. दुसरा करेल या भरवशावर ह्यांचा व्यायाम राहून जाई.

रात्री मला झोप येत नसे. नातू ‘स्कायरिम’ नावाचा खेळ खेळत बसलेला असे. २०११ साली आलेला हा खेळ एका काल्पनिक, हिमाच्छादित देशाची कथा सांगतो. मी त्याच्या शेजारी जाऊन बसू लागले.

त्या देशात यादवी माजली आहे. एका बाजूला साम्राज्याचे सैन्य, दुसऱ्या बाजूला उल्फ्रिक या सरदाराचे बंडखोर. मधोमध व्हाइटरन हे शहर. तेथील ग्रे-मेन आणि बॅटल-बॉर्न ही दोन जुनी, मानाची घराणी. एकेकाळी त्यांची गाढ मैत्री होती. युद्धाने दोन बाजूंना नेले आणि वैर आले. नवखा वाटसरू दिसला, की त्याला विचारले जाते : तू ग्रे-मेनचा की बॅटल-बॉर्नचा? तो प्रश्न ऐकून मी चमकलेच.

त्या शहराच्या बाजारात फ्रालिया नावाची ग्रे-मेन घराण्यातील वृद्धा दागिने विकते. तिचा मुलगा थोराल्ड युद्धात बेपत्ता आहे. बॅटल-बॉर्न तिला भर बाजारात सांगतात, की तो मेला. ती ते मानत नाही. तो जिवंत असल्याचा कागद अखेर बॅटल-बॉर्नांच्याच घरात सापडतो! खेळणारा त्याला बंदिवासातून सोडवतो. पण घरी परतल्यास सगळ्यांवर संकट येईल म्हणून मुलगा दूर निघून जातो आणि आईसाठी केवळ एक निरोप पाठवतो. नातू म्हणाला, ‘‘आजी, मोहीम फत्ते झाली.’’ माझ्या डोळ्यांत मात्र पाणी होते. दोन घराण्यांच्या अभिमानाची किंमत एका म्हातारीने मोजली होती.

पुढे एका मठात दोन्ही पक्षांची बैठक भरते. डोंगरमाथ्यावर मौन पाळणारे वृद्ध संन्यासी राहतात, त्यांच्या घरी. सुरुवातच वादाने होते : टेबलाशी कोणी बसावे, कोणी नाही! मग देवघेव ठरते. यादवी मिटत नाही, कोणाचे मतही बदलत नाही. ठरतो तो केवळ युद्धविराम, तोही सर्वांवर आलेले ड्रॅगनचे संकट टळेपर्यंत.

तेथे मला माझी चूक उमगली. मी मुलांकडे समेट मागत होते. मागायचा होता युद्धविराम.

मी दोघांना एका संध्याकाळी बोलावले. आमच्याकडेही पहिला वाद ‘सुनांनी बसायचे की नाही’ हाच झाला. मी म्हणाले, रात्री जो उठतो, तो बसेल. सगळे बसले. ‘केंद्र की घर’ हा विषय मी त्या दिवशी निघूच दिला नाही. फक्त पुढच्या एका महिन्याचे ठरवले : औषधे एकानेच आणायची, व्यायामाचे वार वाटून घ्यायचे, आठवड्यातून दोन रात्री मला पूर्ण झोप. कागद स्वयंपाकघरात चिकटवला. आणि ह्यांना विचारले, तुम्हाला काय हवे? बोलणे अस्पष्ट होते, तरी आम्हाला कळले : दोघांनी एकत्र जेवायला बसावे.

वाचकहो, मुले अजूनही एकमेकांशी मोजकेच बोलतात. केंद्राचा प्रश्न सुटलेला नाही. पण व्यायाम चुकत नाही, आणि रविवारी दोन पाने शेजारी मांडली जातात.

आपल्या घरी असे दोन पक्ष पडले असतील, तर बाजू निवडण्याची घाई करू नका. एका महिन्याचा युद्धविराम मागा, कामे कागदावर उतरवा, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्या माणसाला एकदा तरी विचारा. त्या बाजारातील फ्रालियाला ते कोणी विचारलेच नव्हते.