मागून येणाऱ्यासाठी

लंडनमधलं आमचं घर १८९०च्या सुमाराचं. पुढच्या खोलीतली खिडकी आम्ही राहायला आलो तेव्हापासून बंदच. गजांच्या, दोन्ही झडपा सताड उघडणाऱ्या खिडकीत बसून वाढलेल्या मला हिची चालच आधी उमगेना. सॅशची खिडकी ही. पुढेमागे दोन तावदानं, खालचं वर सरकायचं, वरचं खाली. पण रंगावर रंग चढवून कुणीतरी दोन्ही चौकटीला चिकटवून टाकली होती. काढून प्लास्टिकची बसवा, असं जो तो सांगे. माझं मन होईना.

जुन्या रंगात शिसं असतं. कोरडा घासला तर त्याची धूळ श्वासात जाते. म्हणून पाणी मारून, ओला ठेवत, तो हळूहळू खरवडला. पट्ट्या सोडवून खालचं तावदान उतरवलं. तावदान तोलून धरणारी दोरी कुजून तुटलेली. तिच्या टोकाचं वजन भिंतीत कुठे हरवलं होतं?

चौकटीच्या उभ्या फळीवर, खालच्या अंगाला, केसाएवढी रेघ दिसली. पटाशीचं टोक घातलं, तर फळीचा दीड वितीचा तुकडा झाकणासारखा अलगद निघून आला. आत अंधारा कप्पा आणि धुळीत निजलेलं ओतीव लोखंडाचं वजन, लांबुळक्या वरवंट्यासारखं. दर तावदानाला अशी दोन वजनं, दोन्ही बाजूंना एकेक. वरच्याची तावदानाहून किंचित जड, म्हणून ते वरच राहतं. खालच्याची किंचित हलकी, म्हणून ते नीट मिटतं. खिडकी कसली, भिंतीत दडवलेला तराजूच तो!

इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. त्यानंतर तावदानं मोठी झाली, काच जड झाली. तेव्हा सुतारांनी वरच्या तावदानाच्या कडा खाली थोड्या लांब ठेवल्या, सांध्याला बळ यावं म्हणून. दोन लहान शिंगंच जणू. माझ्या खिडकीलाही ती आहेत.

पण मी हरखून जाते ती त्या झाकणावर. दोरी एक दिवस तुटणार, हे त्या सुताराला खिडकी घडवतानाच ठाऊक होतं. कधीही न भेटणाऱ्या कुणासाठी त्याने भिंतीत वाट ठेवली.

तावदानाचं खालचं लाकूड कुजलं होतं, तेवढंच कापून नवं जोडलं. खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाची लांबी मळून काच बसवली. हातांना कितीतरी दिवस जवसाचा वास होता. नवी सुती दोरी कप्पीवरून ओवली. मग दोन्ही तावदानं थोडी थोडी उघडली. वरून खोलीतली ऊब निघून गेली, खालून गार वारा आत आला.

शेवटी झाकणाच्या स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळलं, गंजू नये म्हणून. रंग देताना ती केसाएवढी रेघ तेवढी मोकळी ठेवली.