जपानला रोखणारी पोरं

नोव्हेंबर २०२५ मध्ये कतारला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियाचा १६-० असा फडशा पाडला. या स्पर्धेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय. आमच्या कोल्हापूरच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तोच आकडा फिरत होता. असले संघ घेतातच कशाला, जागा अडवतात नुसती, असा एकंदर सूर होता. मला ते फार लागलं. याच प्रदेशाच्या पोरांना मी कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या मैदानावर खेळताना पाहिलंय. ग्रुपवर चार ओळींत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून इथे लिहितो आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये हा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबई, मडगाव, कोची, दिल्ली, गुवाहाटी आणि कोलकाता अशी सहा केंद्रं होती. मी तेव्हा नोकरीनिमित्त कोलकात्यात होतो. फुटबॉलचं वेड कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामना म्हटलं की घरातली कामं टाकून पळणाऱ्यांतला मी. त्यात भारताच्या संघात आमचा अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा. त्यामुळे स्पर्धेचं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. त्या वर्षी तीन संघ पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरले होते: भारत, नायजर आणि न्यू कॅलेडोनिया. भारताला यजमान म्हणून प्रवेश होता. न्यू कॅलेडोनियाची पोरं ओशनियाच्या पात्रता स्पर्धेत अंतिम फेरी गाठून आली होती. तिथल्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने त्यांच्यावर सात गोल चढवले होते, पण तोवर विश्वचषकाचं तिकीट हातात पडलं होतं.

हा प्रदेश नकाशात शोधायचा तर ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला बोट न्यावं लागतं. ग्रांद तेर हे सुमारे चारशे किलोमीटर लांबीचं मोठं बेट, शेजारी लिफू, मारे, उवेआ ही लॉयल्टी बेटं, राजधानी नूमेआ. एकूण लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहराच्या साधारण निम्मी. जमिनीत निकेल भरपूर. १८५३ पासून सत्ता फ्रान्सची. मूळ रहिवासी कानाक, आणि फुटबॉल त्यांचा जीव की प्राण. पासपोर्ट फ्रान्सचा असला तरी फिफाने २००४ मध्ये त्यांना स्वतंत्र सदस्यत्व दिलं, म्हणून त्यांचा स्वतंत्र संघ उतरू शकतो.

आणि सोडतीत गट पडला तो नेमका फ्रान्सचाच. जोडीला जपान आणि होंडुरास.

८ ऑक्टोबरला गुवाहाटीत फ्रान्सविरुद्धचा सामना मी टीव्हीवर पाहिला. मध्यंतराला ६-० होतं. त्यातले दोन गोल तर त्यांच्याच पोरांच्या पायाला, अंगाला लागून आपल्याच जाळीत गेले होते. पाचव्या मिनिटाला स्वयंगोल होणं म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या दृष्टीने आभाळ कोसळणंच. तरी दुसऱ्या अर्ध्या डावात फ्रान्सला एकच गोल मिळाला, तोही अगदी शेवटी, आणि त्याच्या मिनिटभर आधी कॅमेरॉन वादेंजेसने फ्रान्सच्या जाळीत बॉल घातला होता. निकालाच्या रकान्यात ७-१ एवढंच उरलं. उत्तरार्ध १-१ असा बरोबरीत सुटला होता, हे कुठे छापून आल्याचं मी पाहिलं नाही.

त्या सामन्याच्या मागे केवढा इतिहास होता! १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला क्रिस्तियन करेंबू हा लिफूचा. त्याच्या पणजोबांना १९३१ साली पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनाच्या वेळी इतर कानाक लोकांबरोबर नेऊन, नरभक्षक म्हणून लोकांना दाखवण्यासाठी ठेवलं होतं. त्या माणसाचा पणतू पुढे फ्रान्सच्या अंगरख्यात जगज्जेता झाला. गुवाहाटीत उतरलेली पोरं त्याच बेटांवरची. फरक एवढाच की ती स्वतःच्या बेटांच्या नावाने फ्रान्ससमोर उभी होती. सात गोल खाल्ले तरी त्या उभं राहण्याचं मोल माझ्या लेखी कमी होत नाही.

होंडुरासने पुढे त्यांना ५-० ने हरवलं. दोन सामन्यांत बारा गोल खाऊन संघ कोलकात्याला आला तो १४ ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्यासाठी, समोर जपान. जपानने होंडुरासला सहा गोल मारलेले.

त्या संध्याकाळी एकाच तिकिटावर दोन सामने होते. लोक मुख्यतः रात्रीच्या इंग्लंड-इराकसाठी येत होते. मी मात्र पहिल्याच सामन्यासाठी वेळेत जाऊन बसलो. शेजारी एक वयस्कर बंगाली गृहस्थ होते, आयुष्यभर ईस्ट बंगालचे. त्यांनी आल्या आल्या मला सांगून टाकलं, दादा, आज जपान दहा मारणार. सातव्या मिनिटाला केइतो नाकामुराने गोल केला तेव्हा त्यांनी बोट वर करून ‘एक’ मोजला.

दुसरा मोजायची वेळ आलीच नाही. जपानने बरेच नेहमीचे खेळाडू बाहेर बसवले होते हे खरं, पण बाकावरून आलेला जपानी पोरगाही बॉल पायाला चिकटून असल्यासारखा खेळतो. बॉल बहुतेक वेळ त्यांच्याकडेच होता. बेटावरची पोरं आपल्या अर्ध्यात दाटीने उभी राहिली, एकमेकांना ओरडून जागा दाखवत राहिली. माझं लक्ष त्यांच्या बचावफळीवर खिळलं होतं. गुवाहाटीत ही फळी बॉलच्या मागे धावून फाटायची. इथे कोणीही जागा सोडत नव्हतं. आठवड्याभरात एवढं शिकणं सोपं नाही. त्यांचे प्रशिक्षक दोमिनिक वाकाली यांनी पोरांची डोकी शांत कशी ठेवली असतील, हे ज्याने कधी हरलेल्या संघाला पुढच्या मॅचसाठी उभं केलंय त्यालाच कळेल. कोल्हापूरच्या पेठेत सहा गोल खाल्लेला संघ दुसऱ्या दिवशी सरावाला अर्धा येतो, हे मी पाहिलेलं आहे.

तासाभराचा खेळ झाल्यावर स्टेडियमचा आवाज बदलला. एकेक टॅकल, एकेक हेडर झाला की आधी इंग्लंडची वाट बघत बसलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. बेटवाल्यांना आता पुढे जायची हिंमत आली होती. पोरं अंगाने धिप्पाड, हवेतल्या बॉलवर उडी मारायला कचरत नव्हती. ८३ व्या मिनिटाला जेकोब जेनो उंच उठला आणि डोक्याने बॉल जाळीत घातला. शेजारचे गृहस्थ माझा खांदा धरून उभेच राहिले. जपानचे दहा गोल मोजायला बसलेला तो माणूस पुढची सात मिनिटं आणि वरचा जादा वेळ नखं खात शिट्टीची वाट बघत होता. शिट्टी झाली, १-१. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, राखीव खेळाडू मैदानात धावले. आमच्या बाजूचे सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

गटात ते शेवटचेच राहिले. एक गुण, दोन गोल केले, तेरा खाल्ले. पण आपल्या भारतीय संघाकडे तेवढाही गुण नव्हता. जीकसन सिंगने कोलंबियाविरुद्ध केलेल्या हेडरवर आपण सगळे नाचलो, आणि नाचायलाच हवं होतं, कारण भारताचा विश्वचषकातला तो पहिला गोल होता. तरी तिन्ही सामने आपण हरलो, एक गोल केला आणि नऊ खाल्ले. आपल्या पोरांनी अनुभव घेतला, असं आपण अभिमानाने म्हणालो. मग तीच मोजपट्टी पावणेतीन लाखांच्या बेटांना का नको? आपण यजमान म्हणून आत गेलो होतो, ते पात्र ठरून आले होते.

त्यानंतरही त्यांच्या वाट्याला मोठे पराभव आले. २०२३ ला इंडोनेशियात इंग्लंडने दहा आणि ब्राझीलने नऊ गोल मारले. मे २०२४ मध्ये मतदारयादीच्या बदलावरून नूमेआ पेटलं, आणि त्या अशांततेमुळे मोठ्यांच्या संघाला ओशनियाच्या नेशन्स कपमधून माघार घ्यावी लागली. तरी पुढच्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, तो संघ विश्वचषक पात्रतेत ओशनियाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ऑकलंडला न्यूझीलंडकडून ३-० ने हरला. जिथे शहर पेटल्यावर मैदानंही ओस पडतात, तिथली पोरं पुन्हा बूट बांधून उभी राहतात, ही माझ्या दृष्टीने सोळा गोलांपेक्षा मोठी बातमी आहे.

ग्रुपवरच्या मित्रांना मी शेवटी एकच निकाल पाठवला. मोरोक्कोच्या त्या १६-० च्या तीन दिवस आधी, त्याच कतारमध्ये, न्यू कॅलेडोनिया जपानशी खेळला होता आणि सामना ०-० सुटला होता. जपान त्या गटात पहिला आला. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात हे दोन संघ दोनदा भेटले आहेत, आणि जपानला एकदाही जिंकता आलेलं नाही.