तेलनद्यांचा मुलूख

नायजर नदी जेथे अनेक मुखांनी समुद्राला मिळते, त्या पश्चिम आफ्रिकेतील किनाऱ्याला ब्रिटिशांनी १८८५ साली आपल्या संरक्षणाखाली घेतले तेव्हा त्याला 'ऑइल रिव्हर्स', म्हणजे तेलनद्यांचा मुलूख, असे नाव दिले. हे तेल जमिनीखालचे नव्हते. ते पामच्या फळांचे होते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना ते साबणासाठी आणि यंत्रांच्या वंगणासाठी लागे. पुढे सत्तर वर्षांनी, १९५६ मध्ये, याच प्रदेशातील ओलोइबिरी या गावी खनिज तेल सापडले आणि १९५८ मध्ये त्याचे पहिले जहाज परदेशी रवाना झाले. मुलखाचे नाव आधीच पडून गेले होते, माल तेवढा मागाहून बदलला.

देशांनी आपल्या भूमीतील तेल आणि वायू बाहेर विकावेत काय, हा प्रश्न अर्थशास्त्राची मंडळी परकीय चलन, भाव आणि विकासदर यांच्या भाषेत विचारतात. तो त्यांचा अधिकार आहे. आम्ही पडलो मराठीचे अध्यापक. वाक्य समोर आले की आधी त्यातला कर्ता शोधायचा ही आमची जुनी खोड. 'देश तेल विकतो' या वाक्यातला कर्ता कोण, असे विचारले तर विद्यार्थी तत्काळ 'देश' असे उत्तर देतात, आणि व्याकरणदृष्ट्या ते बरोबरच आहे. मात्र नायजेरिया स्वतंत्र झाला १९६० साली. म्हणजे तेलाचे पहिले जहाज निघाले त्या वेळी विकणारा देश अस्तित्वातच नव्हता. होती ती वसाहत आणि शेल-बीपी ही कंपनी. तेल आधी निघाले, देश मागून आला, आणि आल्यावर त्याने चालू असलेल्या व्यापारात वसाहतीची जागा घेतली.

या साऱ्याकडे आम्ही वळलो ते केन सारो-विवा या लेखकामुळे. जागतिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी त्याची 'सोझाबॉय' (१९८५) ही कादंबरी आम्ही प्रथम वाचली ती निव्वळ भाषेच्या कुतूहलाने. मोडक्यातोडक्या, स्वतःच 'सडकी' म्हणवून घेणाऱ्या इंग्रजीत लिहिलेली ही कादंबरी प्रमाणभाषा आणि बोली यांच्या चर्चेत उपयोगी पडेल, एवढाच आमचा हिशेब होता. (आमच्याकडे बोलीतील लेखनाला अजूनही 'प्रयोग' म्हणून कोपऱ्यात बसवतात, असो.) पण या लेखकाचे चरित्र सांगायला घ्यावे तर तेलाशिवाय एक पाऊल पुढे जाता येत नाही. तो ओगोनी या छोट्या जमातीचा. ओगोनींच्या भूमीतून १९५८ पासून तेल निघत होते. त्या तेलाबरोबर वर येणारा वायू जाळून टाकण्यासाठी पेटवलेल्या ज्वाळा वर्षानुवर्षे रात्रंदिवस धगधगत असत. शेती आणि मासेमारी यांवर जगणारी ही माणसे. वाहिन्यांतून गळालेल्या तेलाने त्यांची जमीनही नासली आणि खाड्याही.

येथे काही आकडे द्यावेच लागतात. स्वातंत्र्याच्या वेळच्या राज्यघटनेनुसार खनिजाच्या उत्पन्नातील ५० टक्के वाटा ते ज्या प्रदेशातून निघाले त्या प्रदेशाकडे परत जाई. १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने सर्व तेलाची मालकी केंद्र सरकारकडे गेली आणि १९७८ च्या भूमी कायद्याने जमिनीवरचा ताबाही राज्यपालांच्या हाती आला. उत्पादक प्रदेशाचा वाटा घटत घटत १९८० च्या दशकात दीड टक्क्यावर आला. १९९९ च्या घटनेने तो किमान १३ टक्के केला. पन्नास, दीड, तेरा! प्रश्न 'निर्यात करावी की नाही' असा विचारला की हे तीन आकडे चर्चेबाहेर राहतात, कारण तिन्ही काळांत निर्यात चालूच होती.

सारो-विवाने १९९० मध्ये 'मोसोप' ही ओगोनींची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. त्याच वर्षी मांडलेल्या ओगोनींच्या हक्कनाम्यात आपल्या साधनसंपत्तीवर आणि तिच्या न्याय्य वाट्यावर हक्क सांगितला होता. १९९३ मध्ये शेलने ओगोनी प्रदेशातील उत्पादन थांबवले. १९९४ मध्ये चार ओगोनी पुढाऱ्यांची हत्या झाली. तिला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवून लष्करी राजवटीने सारो-विवाला विशेष न्यायाधिकरणापुढे उभे केले आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात त्याला आणि त्याच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिले. हा भाग वर्गात शिकवताना आमचा आवाज सपाट ठेवणे आम्हांला आजवर साधलेले नाही.

निर्यातीच्या विरोधकांचा सरळ मार्ग असा, की तेल जमिनीखालीच राहू द्यावे. इक्वाडोरच्या जनतेने २०२३ च्या सार्वमतात यासुनी अभयारण्यातील एका तेलक्षेत्राबाबत असाच कौल दिला, आणि आम्हांला त्याचे मोल वाटते. परंतु ओगोनीचे उदाहरण येथे अडचणीचे ठरते. तेथील विहिरी १९९३ पासून बंद आहेत. तरीही इतर भागांतले तेल बॉनी बंदराकडे नेणारी मुख्य वाहिनी याच भूमीतून जाते. २००८ मध्ये बोडो गावच्या खाडीत ती दोनदा फुटली, तिथल्या खारफुटीचा नाश झाला आणि २०१५ मध्ये कंपनीने साडेपाच कोटी पौंड देऊन दावा मिटवला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ च्या अहवालात ओगोनी प्रदेश पूर्ववत होण्यास पंचवीस ते तीस वर्षे लागतील असे म्हटले होते. तेथील एका वस्तीतील पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशेपट अधिक बेंझीन आढळले होते. स्वतःचे तेल न विकताही, दुसऱ्याच्या निर्यातीचा रस्ता म्हणून ही भूमी झिजत राहिली.

दुसरीकडे नॉर्वेचे नाव हमखास घेतले जाते. नॉर्वे आपले बहुतेक तेल आणि वायू विकून टाकतो आणि त्या पैशाचा जगातला सर्वांत मोठा सार्वभौम निधी बाळगतो. त्या देशाच्या शहाणपणाविषयी आम्हांला आदर आहे, तथापि कालक्रमाकडे लक्ष द्यावे. समुद्रतळावरील मालकीची घोषणा १९६३ मध्ये, एकोफिस्क क्षेत्राचा शोध १९६९ मध्ये, सरकारी तेल कंपनी १९७२ मध्ये. तेथे जाब विचारणारी संसद तेलाच्या कितीतरी आधीपासून होती. नायजेरियात मात्र तेल निघाल्यानंतर पासष्ट वर्षांनी, २०२१ च्या कायद्याने, तेलक्षेत्रातील गावांसाठी कंपन्यांच्या वार्षिक खर्चाच्या तीन टक्के रकमेचा विश्वस्त निधी बंधनकारक झाला. आमचे मत विचाराल तर निर्यात हे पाप नव्हे. पण तिची परवानगी देण्याचा पहिला अधिकार त्या तेलावर ज्यांची घरे उभी आहेत त्यांचा असावा, आणि वाट्याचा करार पहिले जहाज निघण्यापूर्वी व्हावा. मागाहून दिलेला वाटा भरपाई म्हणूनच हाती येतो, मालकाला मिळावा तसा येत नाही.

एकदा याच विषयावर बोलत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मॅडम, पण ते तेल विकत कोण घेत होतं?" तिचे वडील आखातात तेलाच्याच कामावर आहेत, कोकणातल्या अनेक घरांप्रमाणे तिचेही घर त्या पगारावर चालते. प्रश्नाचे उत्तर सोपे आणि अवघड होते. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले तरी भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी बहुतांश आयातच करावे लागते, आणि नायजेरियाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत भारत अनेक वर्षे होता. नायजेरिया स्वतः मात्र सरकारी शुद्धीकरण कारखाने बंद पडल्याने कित्येक वर्षे कच्चे तेल विकून पेट्रोल बाहेरून आणीत होता; डांगोटे यांचा खाजगी कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा कुठे हे चित्र बदलू लागले. त्या दिवशी तास संपल्यावरही वर्ग बराच वेळ बसून होता.

यंदा त्या वर्गाला आणखी एक शब्द शिकवायचा आहे. १२ जून २०२५ रोजी नायजेरियाच्या अध्यक्षांनी सारो-विवा आणि त्याच्या आठ साथीदारांना मरणोत्तर क्षमा जाहीर केली, त्याला राष्ट्रीय सन्मानही दिला. क्षमा या शब्दात अपराध गृहीत धरलेला असतो. नातेवाइकांची आणि मानवी हक्क संघटनांची मागणी क्षमेची नव्हती, निर्दोष ठरवण्याची होती. आणि ओगोनीतील विहिरी पुन्हा सुरू करण्याच्या वाटाघाटी सरकारने त्याच वर्षी चालवल्या होत्या.