सोऱ्याचा गारवा

अकबराच्या दरबारात पिण्याचं पाणी सोऱ्याने गार करत. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त ही रीत नोंदवली आहे : सोरा घातलेल्या पाण्यात बंद तोंडाची धातूची सुरई फिरवत राहायचं, आतलं पाणी थंड होतं. तोफेच्या दारूत धडाडणारा सोरा तहानेलाही उपयोगी पडावा, याचं त्यालाही कौतुक वाटलेलं दिसतं.

मला मोहात पाडतं ते त्याचं विरघळणं. भरपूर पाण्यात १०१ ग्रॅम सोरा विरघळताना सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. तेवढ्याने लिटरभर पाणी आठेक अंशांनी उतरतं. धोंडा उतारावरून गडगडतो हे समजतं. इथे तर सोरा चढ चढतो आहे, आणि तोही आपणहून! एकोणिसाव्या शतकात बर्तलोसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ मानत होता, की उष्णता बाहेर टाकणाऱ्या प्रक्रियाच आपोआप घडतात. त्याचा हा सिद्धांत खोटा ठरवायला चिमूटभर सोरा पुरतो.

सोऱ्याच्या स्फटिकात पोटॅशियम आणि नायट्रेटचे आयन नेमून दिलेल्या जागी असतात. थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. पाण्यात त्यांना अख्खं भांडं मोकळं. त्यांना पसरण्याची हौस नसते, कुणी ढकलतही नाही. रांगेत राहण्याच्या रचना मोजक्या आणि विखुरण्याच्या अगणित, एवढंच कारण. डब्यातले शंभर रेणू योगायोगाने डाव्या अर्ध्यातच सापडण्याची शक्यता एकावर तीस शून्यं लिहून होणाऱ्या संख्येत जेमतेम एक. आणि चिमटीतल्या सोऱ्यात आयन किती, तर अब्जांचे अब्ज. भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमनने १८७७ साली एंट्रॉपीला, म्हणजे विखुरलेपणाच्या मापाला, रचनांच्या या मोजणीशी जोडलं, तेही अणू खरोखर असतात की नाही यावर वाद चालू असताना. १९०६ साली त्याने आयुष्य संपवलं. व्हिएन्नात त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे ते याच नात्याचं सूत्र. निसर्गातला इतका अटळ नियम निव्वळ बहुमतावर उभा आहे, याहून सुंदर गोष्ट मला भौतिकशास्त्रात दिसत नाही.

हिशोब मात्र पुरा मांडायला हवा. पाणी गारठलं तेव्हा त्याच्या रेणूंची धावपळ मंदावली, म्हणजे तिथली एंट्रॉपी घटली. आयनांच्या मोकळिकीने झालेली वाढ या घटीहून मोठी असते तोवरच सोरा विरघळतो. पाण्यात आयनांची गर्दी होत जाते, नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला मोकळीक कमी येते, आणि वाढ-घट बरोबरीला आली की उरलेला सोरा तळाशी तसाच राहतो.

ते पाणी चुलीवर आटवलं तर स्फटिक पुन्हा मिळतात, पांढरेशुभ्र, ओळीने रचलेले. पण तोवर वाफ हवेत पसरलेली असते, सरपणाचा धूर आणि ऊबही. स्फटिकांपुरती एंट्रॉपी घटते. सगळं धरून ती वाढलेलीच भरते.